सफायर काचेवरचे न जाणारे ओरखडे: घड्याळाचे एआर कोटिंग घरी काढताना काय चुकते

घड्याळाची काच सफायरची आहे, हिला ओरखडा पडत नाही असे घेतेवेळी सांगितलेले असते, आणि तरीही दोन उन्हाळे उलटायच्या आत त्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसू लागतात. ओले बोट फिरवले की त्या नाहीशा होतात आणि काच वाळून हात ट्यूबलाइटखाली तिरपा झाला की पुन्हा तिथेच हजर असतात. ही तक्रार ओळखीची माणसे माझ्याकडे वरचेवर आणतात. मी घड्याळजी नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या धातुपरीक्षण प्रयोगशाळेत पोलादाचे नमुने आरशासारखे घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हे माझे रोजचे काम आहे, आणि त्यामुळे डायमंड पेस्ट नावाची वस्तू, म्हणजे हिऱ्याच्या बारीक कणांचे घासण्याचे मलम, माझ्या टेबलावर कायम पडलेली असते. लोक येतात ते माझ्यासाठी नव्हे, त्या पेस्टसाठी. पेस्ट देण्यापूर्वी मी जे विचारतो आणि दिल्यानंतर जे बिघडते, ते येथे एकत्र लिहीत आहे.

पहिली गोष्ट अशी की बहुतेक वेळा ओरखडा काचेवर नसतोच. रेषेवरून नख आडवे फिरवून पाहावे. नख अडकले तर ओरखडा काचेतच आहे आणि पुढचा सगळा मजकूर तुमच्या कामाचा नाही. नख सरळ घसरत गेले, आणि रेषेच्या आजूबाजूला निळसर किंवा जांभळट झाक असून रेष तेवढी पांढरी दिसत असली, तर ओरखडा काचेवरच्या परावर्तनरोधी लेपावर, म्हणजे बोलीभाषेतल्या एआर कोटिंगवर आहे. सफायर हे कृत्रिमरीत्या वाढवलेले कुरुंदच होय, रसायनाने नीलम आणि माणकाचे सख्खे भावंड. मोह्सच्या कठिणतेच्या मापनात त्याचा क्रमांक ९ आणि त्याच्या वर फक्त हिरा १०. कोटिंगमध्ये नेहमी वापरले जाणारे मॅग्नेशियम फ्लोराइड मात्र त्याच मापनात सुमारे ५ वर येते, आणि रस्त्याच्या धुळीत व बांधकामाच्या वाळूत असणारे क्वार्ट्झचे कण ७ वर. वैशाखात मोटारसायकलवरून जालन्याहून आलेला माणूस मनगट शर्टाच्या बाहीवर दोनदा घासून वेळ पाहतो, तेव्हा तो काच पुसत नसून कोटिंगवर पॉलिशपेपर फिरवत असतो.

काहीही घासायला घेण्यापूर्वी काच नीट धुवून, खरे तर पुसून, पाहावी. माझ्याकडे आलेल्यांपैकी कित्येकांच्या घड्याळाचे कोटिंग शाबूत होते आणि वर फक्त बोअरच्या पाण्याचे क्षार बसलेले होते. आपल्याकडचे पाणी किती जड असते हे नळाच्या तोटीवरचा पांढरा थर पाहिला की कळते. तोच थर हात धुताना उडालेल्या थेंबांच्या कडेने काचेवर वाळून गोल गोल डाग उमटवतो, आणि कोटिंग असलेल्या काचेवर ते डाग साध्या काचेपेक्षा अधिक ठळक उठतात. भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचा एक थेंब घातलेल्या पाण्यात कापड पिळून काच पुसावी, मग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तितकेच पाणी घालून कापसाने मिनिटभर टेकवावे आणि पुन्हा ओल्या कापडाने पुसून घ्यावे. एवढ्याने डाग गेले तर घड्याळ हातावर बांधावे आणि हा विषय सोडून द्यावा. केसांच्या तेलाने येणारे इंद्रधनुषी फरांटेही याच साबणाने जातात.

कोटिंग बाहेरच्या बाजूला आहे का, हा दुसरा प्रश्न, आणि येथेच सर्वाधिक गफलत होते. पुष्कळ घड्याळांत कोटिंग फक्त आतल्या बाजूला दिलेले असते. वरून पाहता निळी झाक तिथेही दिसते, आणि माणूस तासभर बाहेरून घासत बसतो, झाक काही जात नाही. हे ओळखण्यासाठी एक टूथपिक घ्यावी, तिचे टोक काचेला हलकेच टेकवावे आणि उजेडात तिरपे पाहावे. टोकाची दोन प्रतिबिंबे दिसतील. एक खऱ्या टोकाला अगदी भिडलेले असेल. ते बाहेरच्या पृष्ठभागाचे. दुसरे थोडे अंतर सोडून, काचेच्या जाडीच्या पलीकडून आल्यासारखे दिसेल. ते आतल्या पृष्ठभागाचे. भिडलेले प्रतिबिंब स्वच्छ, पांढरट आणि ठसठशीत असेल तर बाहेर कोटिंग नाही. ते मंद आणि निळे-जांभळे असेल तर आहे. आतल्या कोटिंगला घरी हात लावू नये. त्यासाठी घड्याळ उघडून यंत्र आणि डायल बाहेर काढावे लागतात, आणि उघड्या डायलवर बसलेला मराठवाड्यातला एप्रिल काही केल्या निघत नाही.

तिसरा प्रश्न काचेच्या जातीचा. साधी, म्हणजे खनिज काच कठिणतेत साडेपाच-सहाच्या आसपास असते, आणि जुन्या चावीच्या घड्याळांची अॅक्रिलिकची काच तर तीनच्या जवळपास. एचएमटीने १९६१ पासून बंगळूरला घड्याळे बनवायला सुरुवात केली आणि पुढची तीसएक वर्षे आपल्या वडीलधाऱ्यांच्या मनगटावर तीच होती; त्या प्लास्टिकच्या काचेवर टूथपेस्ट चोळली की ती खरोखरच उजळत असे. घराघरांत टूथपेस्टचा उपाय आजही ठामपणे सांगितला जातो तो त्या अनुभवातून. सफायरवरच्या कोटिंगला मात्र टूथपेस्ट ना धड काढते ना धड ठेवते. तिच्यातले नरम कण कोटिंगवर धुरकट फरांटे तेवढे वाढवतात. काच सफायरची आहे याची खात्री घड्याळाच्या मागच्या झाकणावरच्या मजकुरावरून किंवा सोबतच्या माहितीपत्रकावरून करावी. नुसती ओठाला लावून गार लागते का हे पाहणे पुरेसे नाही, जरी सफायर उष्णता झपाट्याने ओढून घेत असल्यामुळे काचेपेक्षा खरोखर गार लागते. "सफायर कोटेड" असे लिहिले असेल तर ती साधीच काच असून वर सफायरचा पातळ थर दिलेला आहे असे समजावे. तिला काहीही घासू नये. स्मार्ट घड्याळाच्या पडद्यावरचा बोटाचे तेल न चिकटू देणारा लेप ही तर वेगळीच वस्तू आहे.

मग कोटिंग काढावे की नाही? सिटी चौकाच्या बाजूला बसणारे एक वयस्कर घड्याळजी आहेत, त्यांच्याकडे मी माझे घड्याळ पहिल्यांदा नेले तेव्हा त्यांनी डोळ्याला भिंग लावून क्षणभर पाहिले आणि म्हणाले, "काच एकदम चांगली आहे सर, वरचा पापुद्रा गेलाय. मी काढून देत नाही. काढला की गिऱ्हाईक चार दिवसांनी येतं आणि म्हणतं, चाचा, आता काच चमकते, पहिल्यासारखं करून द्या. पहिल्यासारखं मी कुठून करू?" त्यांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. हे कोटिंग निर्वात कक्षात बाष्प बसवून तयार होते, ते घरी किंवा दुकानात पुन्हा चढत नाही, आणि काढल्यावर हमीचा कागदही निरुपयोगी होतो.

चमक किती वाढेल याचा हिशेब मात्र करता येतो. सफायरचा अपवर्तनांक सुमारे १.७७ असल्यामुळे तिचा प्रत्येक उघडा पृष्ठभाग समोरून आलेल्या उजेडापैकी साधारण ७.७ टक्के परत फेकतो, दोन्ही मिळून १५ टक्क्यांच्या आसपास. साध्या काचेचा अपवर्तनांक १.५२, म्हणून तिचे हेच आकडे ४.३ आणि सुमारे ८ टक्के. मॅग्नेशियम फ्लोराइडचा अपवर्तनांक १.३८ आहे, त्याचा सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या त्यातल्या तरंगलांबीच्या पाव हिश्शाइतका थर बसवला की त्याच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात. मधला हिरवा सर्वात जास्त मरतो, कडेचे निळे आणि तांबडे थोडे उरतात. ती ओळखीची जांभळी झाक म्हणजे हे उरलेलेच होय. आता बाहेरचे कोटिंग काढले आणि आतले शाबूत राहिले, तर एकूण परावर्तन आठ टक्क्यांच्या घरात येते. म्हणजे तुमचे महागडे घड्याळ चमकेच्या बाबतीत कोटिंग नसलेल्या साध्या काचेच्या घड्याळाइतके होईल, त्याहून वाईट नाही. आतही कोटिंग नसेल तर मात्र ते १५ टक्क्यांवर जाईल, आणि ते दुपारच्या उन्हात नक्की जाणवेल. ज्यांना हा सौदा पटत नाही त्यांनी ओरखडे सहन करावेत किंवा त्याच मापाची नवी काच बसवून घ्यावी. माझ्या मते काळ्या डायलच्या घड्याळाला तोच मार्ग बरा.

रसायनाचा मार्ग कोणी सुचवला तर ऐकू नये. काचेवर नक्षी कोरण्याच्या क्रीममध्ये अमोनियम बायफ्लोराइड असते आणि गंज काढण्याच्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. ही दोन्ही रसायने काही कोटिंगमध्ये असणारा सिलिका खातात हे खरे आहे. पण हे आम्ल कातडीवर पडल्यावर सुरुवातीला अनेकदा दुखतही नाही, आत झिरपते, शरीरातले कॅल्शियम बांधून टाकते आणि हाडापर्यंत जाते. कारखान्यात ते वापरायचे असेल तर कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम हाताशी ठेवावे लागते. घरातल्या ओट्यावर त्याचे काही काम नाही.

आता प्रत्यक्ष काम. डायमंड पेस्ट कणाच्या आकारमानानुसार मिळते, इंजेक्शनच्या सिरिंजसारख्या नळीत, आणि नळीवर मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा, आकडा छापलेला असतो. आपल्याला १ मायक्रॉनची हवी, त्याहून जाड नको, आणि शक्यतो पाण्यात विरघळणारी, कारण ती ओल्या कापडाने निघते आणि घड्याळ नळाखाली धरावे लागत नाही. रंगावरून ओळखू नये. प्रत्येक बनवणाऱ्याचे रंग वेगळे असतात आणि नेमकी याच कारणाने माझ्या एका सहकाऱ्याने ६ मायक्रॉनची पेस्ट उचलून नेली होती. हिरा सफायरपेक्षा कठीण असल्यामुळे जाड कण काचेवरही रेषा ओढतात, १ मायक्रॉनच्या कणांनी हाताच्या जोराने चार रेषा ओढल्या तरी त्या डोळ्याला दिसत नाहीत. ज्यांना हिऱ्याची भीती वाटते त्यांनी १ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक अॅल्युमिना, म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइडची पूड, वापरावा. त्याची आणि सफायरची कठिणता सारखीच, म्हणून काम हळू पण निर्धास्त होते. काच साधी असून वर कोटिंग असेल तर हिरा अजिबात नको. तिथे काच पॉलिश करणारे वापरतात ते सिरियम ऑक्साइडच घ्यावे.

पट्टा काढावा. चावी आत दाबून, आट्यांची असेल तर फिरवून घट्ट करावी. बेझलवर, म्हणजे काचेभोवतीच्या धातूच्या कड्यावर, मास्किंग टेपचे दोन थर द्यावेत आणि टेपची आतली कड नखाने काचेच्या सीमेवर दाबून बसवावी. या पाच मिनिटांचा कंटाळा केला तर काच स्वच्छ होते आणि चकचकीत पोलादावर धुरकट कडे उमटते. बाटलीच्या बुचावर नमद्याचा तुकडा चिकटवावा, त्यावर मोहरीच्या दाण्याएवढी पेस्ट घ्यावी, पाण्याचा एक थेंब टाकावा आणि कागदावर पेनने लिहिताना जेवढा जोर लागतो तेवढ्याच जोराने लहान लहान वर्तुळे फिरवावीत. पॉलिशचे विजेवर फिरणारे छोटे यंत्र जवळ असले तरी ते खोक्यातच राहू द्यावे. त्याने काच एका जागी तापते, आणि काच जिच्या जोरावर पाणी अडवते ती कडेची प्लास्टिकची गॅस्केट त्या उष्णतेने सैल पडू शकते. यंत्राने वाचवलेली वीस मिनिटे पहिल्या पावसात काचेच्या आत धुके होऊन परत येतात.

दर दोन मिनिटांनी पुसून पाहावे. पहिल्यांदा काहीच झाले नाही असे वाटते. मग मध्यभागी जांभळ्या रंगात पिवळसर, तपकिरी वलये उमटतात, पाण्यावर सांडलेल्या रॉकेलसारखी. कोटिंग पातळ होऊ लागल्याची ही खूण. त्यानंतर एक पांढरा, रंग नसलेला ठिपका उघडतो आणि पसरत जातो, आणि त्याच्याबरोबर ती जाळ्यासारखी रेषांची नक्षीही कापून टाकल्यासारखी संपते. माझ्या घड्याळाला सर्व मिळून पाऊण तास लागला. त्यातला निम्माअधिक वेळ शेवटच्या कडेसाठी गेला.

येथून पुढे ठरावीक अडचणी येतात. सर्वात जास्त ऐकू येणारी ही: रात्री सगळे निघाले, सकाळी खिडकीशी पाहिले तर निळी बेटे परत आली. ती परत आलेली नसतात, गेलेलीच नसतात. पेस्टचा चिकट थर काचेवर राहिला की तो कोटिंगच्या रंगाला झाकतो आणि सगळे सारखे दिसते. म्हणून तपासण्यापूर्वी काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने कोरडी करावी आणि तिच्यावर तोंडाने हाऽऽ करून वाफ सोडावी. उघड्या सफायरवर आणि उरलेल्या कोटिंगवर वाफ वेगवेगळी बसते व वेगळ्या गतीने उडते, त्यामुळे बेटांच्या सीमा नकाशासारख्या उठून दिसतात. तिथे तेवढेच घासावे. वाफेत काही दिसेना आणि सूर्यप्रकाशातही प्रतिबिंब सर्वत्र पांढरे दिसले, तेव्हाच काम संपले असे मानावे. अर्धवट निघालेले कोटिंग ओरखडलेल्या कोटिंगपेक्षा वाईट दिसते, हे ज्यांनी मध्येच सोडले त्यांना विचारावे.

बेझलला लागून राहणारे निळे कडे बुचाने निघत नाही, कारण बूच तिथे पोचतच नाही. टूथपिकचे टोक दाताने चावून कुंचल्यासारखे करावे, ते पेस्टमध्ये बुडवून कडेकडेने फिरवावे. तारखेवर भिंग चिकटवलेले असेल तर त्याच्याभोवतीही हाच उपाय. भिंगाच्या कडेवर जोर देऊ नये, ते गोंदाने बसवलेले असते.

कोटिंग निघाले आणि काचेवर सर्वत्र मंद धुके राहिले, तर कण जाड होते किंवा १ मायक्रॉनच्या नमद्यावर आधीचे जाड कण शिल्लक होते. प्रयोगशाळेत प्रत्येक कणाचे कापड वेगळे ठेवतात आणि दोन टप्प्यांच्या मध्ये नमुनाच काय, बोटेही धुतात, ते उगीच नाही. नव्या नमद्यावर १ मायक्रॉन आणि नंतर पाव मायक्रॉन असे करून हे धुके निघू शकते, परंतु सफायर हाताने घासून खाली आणणे म्हणजे कातळ टाचणीने खणणे. दोन रात्री गेल्यावर माणूस नवी काच बसवायला तयार होतोच, तेव्हा आधीच व्हावे.

कोटिंग पूर्ण गेले, धुकेही नाही, पण एकदोन रेषा तशाच राहिल्या, तर त्या काचेतल्याच आहेत. आमच्याकडे वाळूजला आणि जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये काम करणाऱ्यांच्या घड्याळांवर हे विशेष दिसते, कारण ग्राइंडिंगच्या चाकांतले कण अॅल्युमिनाचे किंवा सिलिकॉन कार्बाइडचे असतात, आणि सफायरच्या जोडीचे किंवा तिच्याहून वरचढ असे जे थोडे पदार्थ आहेत त्यांत हे दोन मोडतात. त्यांनी ड्युटीवर साधे घड्याळ बांधावे.

आत वाफ दिसली तर घासणे तिथेच थांबवून घड्याळ दुरुस्तीला द्यावे. ते वाळत घालणे, तांदळाच्या डब्यात ठेवणे यात दिवस घालवू नयेत, तोवर काट्यांना गंज धरतो.

शेवटी टेप काढून बेझलच्या खाचेत राहिलेली पेस्ट ओल्या कापसाने दोनतीनदा टिपावी, आणि वापरलेला नमदा, टूथपिक व कापड लगेच कचऱ्यात टाकावे. माझे घड्याळ झाल्यावर मी ते कापड खिडकीत वाळत घातले होते; दुसऱ्या दिवशी वडिलांनी त्याच कापडाने आपल्या जुन्या एचएमटीची काच पुसली, आणि चाळीस वर्षांत टूथपेस्टशिवाय काही न पाहिलेल्या त्या प्लास्टिकवर एका पुसण्यात दुधाळ पट्टा उमटला. तो काढायला मात्र टूथपेस्टच कामी आली.